दुसऱ्या मजल्यावरचं स्टूल

आमच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर टेलरमास्तरांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एकच खोली: खिडकीशी पायाची मशीन, कापायचं टेबल, दोरीवर बिनबाह्यांचे कोट. मास्तरांना बारा वर्षांपासून आमवात. बोटं वाकडी झालेली, म्हणून कैचीच्या कड्यांना चिंध्या गुंडाळून त्यांनी त्या जाड केल्यात. सकाळी हात कोमट पाण्यात बुडवून बसावं लागतं, तेव्हा कुठं तासाभरानं मूठ वळते. तरी कॉलर बसवावी तर त्यांनीच.

गुण सांगून झाले. आता अवगुण: माणूस तुसडा. मी दुसऱ्या मजल्यावर राहते. निवृत्त, घरात एकटी, आणि तोंडाला कुलूप लावणं मला जन्मात जमलेलं नाही. वीस वर्षं मास्तर माझ्या दारावरून "काय ताई" एवढंच म्हणून वर जायचे. उत्तर ऐकायलाही थांबायचे नाहीत.

गेल्या वर्षी मात्र चमत्कार झाला. मास्तर दाराशी थांबायला लागले. आधी मिनिटभर, मग पाच, मग दहा. मी बाहेर एक स्टूलच ठेवलं. ते बसायचे, डावा खांदा चोळायचे आणि माझं ऐकत राहायचे. मध्ये तोंड घालायचे नाहीत. खोटं कशाला बोलू, मी सुखावले होते. साडेनऊला चहाचं आधण ठेवायला लागले.

"खांदा दुखतोय का?" एकदा विचारलं.

"आमवात. बोटं झाली, आता इथं मुक्कामाला आलाय."

मलाही ते पटलं.

मास्तरांची मुलगी परगावी असते. तिचा फोन आला, "मावशी, या वेळी तपासणीला तुम्ही बरोबर जा. बाबा डॉक्टरांना धड काही सांगत नाहीत." म्हणून फाइल घेऊन मी गेले.

सांध्यांच्या डॉक्टरीणबाई वयानं लहान, पण चांगल्या खमक्या. एकेक बोट दाबून पाहिलं.

"गोळ्या रोज घेता ना?"

"हो."

मी खोकले.

"बरं वाटलं की सोडतो," मास्तर माझ्याकडे न बघता म्हणाले.

"जिना चढताना त्रास?"

"काही नाही."

मला कुठलं राहवतंय! "उलट सुधारलेत हो! पूर्वी ढुंकून बघायचे नाहीत. आता रोज वर जाताना दहा मिनिटं माझ्या दारात बसतात. माणसात आलेत."

बाईंचं पेन थांबलं. "उतरतानाही बसतात?"

मी आठवून पाहिलं. उतरताना एकदाही नाही.

"मास्तर, खांदा कधी दुखतो?"

मास्तर काही बोलायला गेले आणि अडखळले. सांध्यांचं त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. सांधा बसून आखडतो, चालवला की सुटतो. "हे उलटं आहे," ते हळूच म्हणाले. "चढलो की दुखतं. बसलो की थांबतं."

बाईंनी समजावून सांगितलं. हा आजार नुसत्या सांध्यांत राहत नाही. त्याची सूज रक्तवाहिन्यांनाही त्रास देते, म्हणून अशा माणसांना हृदयविकाराचा धोका इतरांपेक्षा जास्त. पण बऱ्याच जणांना हे ठाऊकच नसतं, आणि मग प्रत्येक दुखणं सांध्यांच्या माथी मारलं जातं. रक्तदाब, कोलेस्टेरॉल, हृदयाचा आलेख, सगळं आजच्या आज करायचं.

म्हणजे रोग रेड्याला, औषध पखालीला. मास्तर खांद्याला मलम चोळत होते. मी घाबरले, आणि त्याहून जास्त मला लाज वाटली. माणूस माझ्या दारात दम गोळा करत होता, आणि मी त्याला भाचीच्या लग्नात तिच्या सासूनं काय तमाशा केला ते रंगवून सांगत होते.

हृदयाची एक रक्तवाहिनी बरीच अरुंद झाली होती. वेळेत कळलं, म्हणून स्टेंट घालून आणि गोळ्यांवर भागलं. सांध्यांच्या गोळ्याही आता मुकाट्यानं रोज घेणं आलं. दोन महिने मास्तर मुलीकडे राहिले. मी रोज सवयीनं दोन कप चहा टाकायची आणि दुसरा ओतून द्यायची.

परवा सकाळी जिन्यावर पावलं वाजली. "काय ताई," म्हणत मास्तर दारावरून सरळ वर गेले. एकदाही थांबले नाहीत. मला इतका आनंद झाला की डोळे भरून आले. मग मी स्टूल उचललं आणि आत नेऊन ठेवलं. आता त्याचं बाहेर काय काम?

वर कुलूप उघडलं, खिडकी उघडली. आणि पावलं पुन्हा खाली आली.

"स्टूल कुठं गेलं?" मास्तर दारात उभे.

मी लगबगीनं ते परत बाहेर आणलं. "दम लागला का?"

"छे." त्यांनी आत डोकावून चहाचं भांडं पाहिलं. "त्या भाचीच्या सासूचं पुढं काय झालं?"