मादाम सिदोनींचा उलटा नकाशा

मादाम सिदोनी फ्लामां यांची जीभ कधी निळी असायची, कधी गुलाबी. नकाशे रंगवणाऱ्या आम्हा सगळ्याच बायकांची असायची. कुंचल्याला टोक आणायचं तर तो ओठांत धरून ओढायचा, ही आमच्या कामाची रीत. फडक्याला पुसून टोक येतं असं ज्यांना वाटतं, त्यांनी एकदा सार नदीचं वळण रंगवून बघावं. पिवळा रंग कडूजहर आणि पोटाला वाईट. सकाळी तोंडात गेला की दुपारपर्यंत दोनदा मागच्या अंगणात धावावं लागे. गुलाबी त्यातल्या त्यात बरा. एकोणीसशे एकोणीसच्या त्या वसंतात युरोपातला एकही देश असा उरला नसेल, ज्याचा रंग आम्ही चाखला नाही.

युद्ध जिंकलेले देश तेव्हा आमच्या पॅरिसमध्ये तहाला बसले होते. त्यांच्या बैठका नदीपलीकडच्या वाड्यांमध्ये चालत आणि त्यांच्या भांडणांचे कागद आमच्या कारखान्यात येत. कारखाना म्हणजे एक लांबलचक माडी, उत्तरेकडे मोठ्या खिडक्या, अकरा तिरके लाकडी फळे आणि अकरा बायका. त्यांत मी सगळ्यांत लहान, एकोणीस वर्षांची, आणि तोंडाळ. मादाम सिदोनींचा फळा माझ्या शेजारी होता. वय बावन्न, अंगानं रुंद, कायम काळा झगा. उत्तरेकडच्या पिकार्दी भागातल्या मोर्वाकूर गावची विधवा. गावी असताना त्या बियाण्यांच्या पाकिटांवर फुलं रंगवायच्या. एवढा सपाट रंग लावणारा हात मी नंतर कुणाचा पाहिला नाही.

चौदा साली जर्मन आले तेव्हा त्या मिळेल त्या गाडीत बसून निघाल्या. नवरा आन्सेल्म मागे राहिला, कारण त्याची म्हातारी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि तिला टाकून तो निघेना. आई गेली, मागोमाग तापानं तोही गेला. ते कळवणारं कार्ड रेडक्रॉसकडून सात महिन्यांनी आलं. चर्चच्या भिंतीलगत, आईशेजारी पुरलंय, एवढंच त्यात होतं. ते कार्ड मादाम पेटीत ठेवत नसत, झग्याच्या खिशात ठेवत.

त्यांना गावी जायचं होतं. दुसरी कसली इच्छा त्यांनी माझ्यासमोर कधी बोलून दाखवली नाही. तिथं घर बांधायचं, भिंतीवर पुन्हा नासपतीच्या फांद्या बांधून चढवायच्या, आणि वेळ आली की आन्सेल्मच्या शेजारी जायचं. तहावर सह्या झाल्याशिवाय तुमच्या भागात राहायचा परवाना मिळणार नाही, असं त्यांना कचेरीत सांगितलं होतं. म्हणून त्यांनी एक फावडं विकत आणलं आणि कारखान्यात आमचे कोट टांगतात त्या खुंटीवर अडकवून ठेवलं. बायका चिडवायच्या, मादाम, ऱ्हाइन खणायला निघालात वाटतं? मी एकदा न राहवून म्हटलं की गावात भिंत तरी शिल्लक असेल का. त्यावर त्या कुंचला न थांबवता म्हणाल्या, "भिंती पडल्या असतील. जमीन कुठं जाते, पोरी?"

आमच्या कारखान्याचे मुख्य मोस्यो तार्दिवेल. कडक माणूस, पण कामात जाणता. त्यांचा एक नियम होता. नकाशा उलटा ठेवायचा, दक्षिण वर. फळा तिरका असल्यानं ओला रंग खाली उतरत येतो आणि नकाशा सरळ असला तर तळाच्या रंगसूचीवर ओघळतो, हे एक कारण. पण त्यांचं खरं कारण निराळं होतं. नावं उलटी झाली की डोळा ती वाचत नाही, नुसता आकार बघतो. नाव वाचलं की हात कापतो, असं ते म्हणत. कुणी नकाशा सरळ ठेवलेला दिसला की स्वतः येऊन फिरवत. मादाम सिदोनींच्या हाताला तर हा नियम इतका भिनला होता, की त्या जेवणाच्या सुट्टीत वर्तमानपत्रसुद्धा आधी उलटं धरत आणि मग स्वतःशीच हसून फिरवत.

रोज सकाळी एक लेफ्टनंट नव्या रेघा आखलेल्या पातळ कागदांची गुंडाळी घेऊन यायचा. बिचाऱ्याची छाती युद्धातल्या विषारी गॅसनं गेलेली, जिना चढला की बराच वेळ खोकत उभा राहायचा. त्या गुंडाळीवरून आम्हाला कळायचं, काल कुणाचं कुणाशी वाजलं. जर्मनीच्या सीमेवरचं सारचं खोरं तर बोलायलाच नको. आमच्या लोकांना तिथला कोळसाही हवा होता आणि जमीनही. इंग्रज म्हणत, कोळसा घ्या, जमीन कशाला? जर्मनी अगदीच भिकेला लागला तर आपला माल घेणार कोण, ही त्यांची खरी चिंता. अमेरिकन म्हणत, तिथल्या लोकांना विचारा. सोमवारी सार आमच्या रंगात, बुधवारी कोरं, शुक्रवारी पट्ट्यापट्ट्यांचं. मादामनी ते पाच वेळा रंगवलं. चौघं मिळून युद्ध जिंकले आणि चौघांच्या मनात चार तह होते. हे समजायला मुत्सद्दी व्हावं लागत नव्हतं, कुंचला धुवावा लागत होता.

एप्रिलात इटलीवाले एका बंदरावरून रुसले आणि आगगाडीत बसून चक्क घरी निघून गेले. आम्हाला दोन दिवस कामच नव्हतं. बाकीच्या बायका खूश. मादामना मात्र तो अपमान स्वतःचा वाटला. गाडी सुटली म्हणजे सही लांबली आणि सही लांबली म्हणजे परवाना लांबला. "मला एक चूल नाही आणि यांना बंदर पाहिजे," एवढंच त्या म्हणाल्या आणि खुंटीवरच्या फावड्याची धूळ पुसली. मे महिन्यात इटलीवाले परत आले तेव्हा मादामनी आम्हा सगळ्यांना चेरी वाटल्या.

त्याच सुमारास एक अमेरिकन प्राध्यापक माडीवर आला होता. पोलंडच्या बाजूचा कुठला तरी जिल्हा नीट रंगलाय का ते बघायला. तरुण, चष्मेवाला, आमची भाषा पुस्तकातल्यासारखी बोलणारा. कुठल्या गावात कोण किती, याचे आकडे त्याच्या वहीत भरलेले. मादामनी त्याला थेट विचारलं, लोकांना विचारायचं म्हणजे नक्की कसं? तो खुलला. म्हणाला, माणूस गावोगाव पाठवायचा, ज्यानं त्यानं आपलं मत सांगायचं, माणसांना विचारल्याशिवाय त्यांची जमीन इकडची तिकडे करायची नाही. हे नवं तत्त्व आहे. मादाम त्या दिवशी घरी जाताना म्हणाल्या की एवढ्या शहाण्या माणसांत एक तरी शहाणा निघाला. मला मनातून हसू आलं होतं. मी पॅरिसची, माझा असल्या गोष्टींवर विश्वास नाही.

जूनच्या मध्याला लेफ्टनंटनं वेगळीच गुंडाळी आणली. म्हणाला, हा नकाशा परदेशाचा नाही, आपलाच आहे. जिथून आघाडी गेली तो सगळा पट्टा. रंग तीन. निळा, म्हणजे लोकांनी परतायला हरकत नाही. पिवळा, म्हणजे मेहनतीनं पुन्हा उभं राहील. लाल, म्हणजे जमिनीतच इतका दारूगोळा आणि इतकं विष आहे की तिथं कुणी राहायचं नाही. सरकार ती जागा घेऊन जंगल लावणार.

नकाशाचे तुकडे केलेले होते, तुकड्याच्या माथ्यावर भागाचं नाव नाही, नुसता आकडा. लाल रंग सपाट लावणं सगळ्यांत अवघड, म्हणून तो मादामकडे गेला. सतरा नंबरचा तुकडा, बारा प्रती. आम्ही विचारलं, मादाम, तुमचं गाव कुठल्या तुकड्यात? त्या म्हणाल्या, असेल कुठंतरी पिवळ्यात. सगळं वाळलं की निवांत शोधू. खरं सांगायचं तर स्वतःचं गाव त्यांनी नकाशात कधी पाहिलंच नव्हतं. ते त्यांच्या पायांना ठाऊक होतं.

त्या दिवशी त्या मजेत होत्या. महिनाअखेर सह्या होणार अशी बातमी होती. काम करता करता गुणगुणत होत्या. पहिली प्रत पुरी झाली आणि ती वाळत घालायला मी उचलली. दोरीला लावताना कागद सरळ झाला. मधोमध एक ओढा होता. मादामनी त्याच्या दोन्ही काठांना लाल भरला होता, पण ओढा एका केसाइतकाही बुजू दिला नव्हता. ओढ्याच्या वळणात, लालाच्या पोटात, नाव होतं. मोर्वाकूर.

मी वळून बघितलं. त्यांनी दुसरी प्रत उलटी लावून घेतली होती आणि कुंचला ओठांत होता. मी तेव्हाच सांगायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मोस्यो तार्दिवेल बघत होते म्हणून, काम त्याच दिवशी द्यायचं होतं म्हणून, त्या गुणगुणत होत्या म्हणून. कारणं मी पुढं पुष्कळ शोधली. खरं कारण एकच, मला धीर झाला नाही. दुसरी, पाचवी, नववी, एकेक प्रत मी दोरीला लावत गेले.

काम संपलं की प्रत्येक नकाशाच्या खाली, उजव्या कोपऱ्यात, रंगवणारीनं आपली आद्याक्षरं घालायची असतात. त्यासाठी नकाशा सरळ करावाच लागतो. मादामनी पहिल्या प्रतीवर अक्षरं घातली, दुसरीवर घातली. तिसरीवर हात थांबला. त्यांनी वाकून बघितलं. मग पहिली पुन्हा पुढं ओढून तिच्यावर बोट ठेवलं. रडल्या नाहीत. जिभेवरचा लाल रुमालानं पुसत बसल्या. बराच वेळ तेवढंच चाललं होतं.

दुसऱ्या दिवशी लेफ्टनंट जिना चढून खोकत होता, तेव्हा त्या त्याच्यासमोर जाऊन उभ्या राहिल्या. ही लालाची रेघ नखभर हलवा, म्हणाल्या.

तो म्हणाला, "मादाम, ही रेघ माझ्या हातात नाही."

"सार मी पाच वेळा हलवलंय. कागद तुम्हीच आणत होतात."

"तिथं भांडायला दोन बाजू होत्या. इथं समोर बसायला कुणीच नाही."

"मी बसते ना."

लेफ्टनंटनं टोपी काढली आणि तो ती हातात फिरवत राहिला. शेवटी त्यानंच वाळलेल्या प्रती गोळा केल्या आणि तो जिना उतरून गेला.

अठ्ठावीस जूनला व्हर्सायला सह्या झाल्या. तोफा झाल्या, घंटा झाल्या, अनोळखी माणसं रस्त्यात एकमेकांच्या गळ्यात पडत होती. आम्हाला सुट्टी मिळाली आणि मीही नाचले, खोटं कशाला सांगू. मादाम माडीवरच होत्या. त्या कुंचले धूत बसल्या होत्या, असं नंतर कळलं.

ऑक्टोबरात मी त्यांच्याबरोबर गेले. एकट्या गेल्या असत्या तर मला झोप लागली नसती. फावडं त्यांनी घेतलं होतं. रस्ता काटेरी तारेपाशी संपला. तिथं एक शिपाई होता, बऱ्या मनाचा. म्हणाला, इथूनच बघा, आत पाऊल टाकू नका, परवा दोन माणसं स्फोटात गेली. आम्ही बघितलं. घर नव्हतं, चर्च नव्हतं, चर्चची भिंत नव्हती. तेवढ्याची तयारी होती. पण ओढासुद्धा नव्हता. जमीन उकरून उलटीपालटी झालेली, खड्ड्याला खड्डा, खड्ड्यांत हिरवं पाणी. चढ कुठं होता, उतार कुठं होता, काही उरलं नव्हतं. मादाम तारेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत गेल्या, परत आल्या. आन्सेल्म कुठल्या बाजूला आहे हेसुद्धा त्यांना सांगता येईना. जमीन कुठं जाते, असं म्हणायच्या. ती गेली होती.

फावडं त्यांनी शिपायाला दिलं. त्याला खंदक बुजवायला लागतच होतं.

परतीच्या गाडीत त्या खिडकीशी बसल्या होत्या. आमियाँ स्टेशन मागं पडलं तेव्हा बाहेरच बघत म्हणाल्या, "तू वाचलं होतंस ना?"

मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते? मला वाटलं, आता बोलतील, शिव्या देतील. त्या म्हणाल्या, "बारा प्रती. एकीवरसुद्धा डाग पडला नाही." त्यांनी मला माफ केलं की नाही, हे मला आजतागायत कळलेलं नाही. विचारायची हिंमत तेव्हाही नव्हती.

त्यानंतर सात वर्षं त्या कारखान्यात होत्या. तह संपले म्हणतात, पण संपले कुठे होते? ऑस्ट्रियाचा, हंगेरीचा, तुर्कांचा, एकेक येतच राहिला. पण मादामनी नकाशा पुन्हा कधी उलटा ठेवला नाही. सरळ ठेवायच्या आणि रंग लावण्याआधी ज्या भागात रंग भरायचा त्यातल्या एकेका गावावर बोट ठेवून नाव वाचायच्या. हळू, ओठांतल्या ओठांत. हंगेरीतली, तुर्कांकडची नावं, पिकार्दीच्या तोंडात ती कशी बसणार? दोनदा, तीनदा म्हणून बघायच्या. सबंध माडीवर उत्तम हात त्यांचा, पण आता ओला रंग ओघळायचा, काम निम्म्यावर आलं. मोस्यो तार्दिवेल पहिल्याच दिवशी नकाशा फिरवायला पुढं झाले होते, मादामनी वर बघितलं आणि ते तसेच मागं फिरले. पुन्हा कधी आले नाहीत.

मलाच एकदा राहवलं नाही. कुठल्याशा डोंगराळ जिल्ह्यातल्या साठ-सत्तर गावांचं वाचन चाललं होतं, दिवस मावळायला आला होता आणि कुंचला कोरडाच होता. मी म्हटलं, मादाम, रेघ तर ठरलेलीच आहे, एवढं वाचून काय होणार?

त्यांचं बोट पुढच्या नावावर गेलं होतं. तिथंच थांबलं.

"लोकांना विचारायचं ठरलं होतं ना," त्या म्हणाल्या, "मग कुणीतरी विचारायला नको?"