वहीत गैरहजर

माझ्या आयुष्यात जे काही बरं झालं ते आमच्या वहीवाल्या सरांमुळं. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढं मी त्यांची कितीही थट्टा केली तरी कुणी मला कृतघ्न म्हणायला नको. आता दुसरी गोष्ट सांगते. घाटकोपरपासून मुलुंडपर्यंतच्या आग्रा रोडवर इतका खुळा माणूस ना आधी कधी झाला, ना नंतर होईल. उंच, काटकुळा, आणि छातीवर डाव्या बाजूला कायम एक हिरवा डाग. खिशातलं हिरव्या शाईचं पेन गळायचं, पण ते बदलायला सर तयार नसत. "गळतंय म्हणजे आत शाई आहे ना," म्हणायचे. नवीन शर्ट घेतला तरी आठवड्यात तो हिरवा व्हायचा. लांबून डाग दिसला की वस्तीतली पोरं ओरडायची, "वहीवाले आले!" आणि त्यांच्या वर्गातले आम्ही अकरा मोठे अडाणी चपला पायात सरकवून पळत सुटायचो.

मी जालन्याकडची. चौथीत शाळा सुटली आणि पुढं काही वर्षांनी मी थोरल्या बहिणीकडं घाटकोपरच्या डोंगरावरच्या वस्तीत राहायला आले. भांडुपच्या एका औषधाच्या कारखान्यात पॅकिंग खात्यात लागले, पण बदली कामगार म्हणून. मला आधीच घाबरायची सवय. भोंगा वाजला तरी मी दचकायचे, नाही वाजला तरी दचकायचे. अशात एक दिवस खात्याच्या साहेबांनी सांगितलं की यंदा जे सातवी पास होतील त्यांनाच कायम करणार, बाकीच्यांना जूननंतर सुट्टी. माझी सुट्टी म्हणजे सरळ गावी परत. तिथं थोरल्या चुलत्यानं माझ्यासाठी स्थळ बघून ठेवलं होतं. बिजवर होता. वय विचारू नका, त्याचं त्यालाही आठवत नव्हतं म्हणे. तेव्हा सातवी पास होणं हा माझ्यासाठी शिक्षणाचा प्रश्न नव्हता, पळून जायचा होता.

पहिली पाळी साडेतीनला सुटायची. साडेचारला वस्तीतल्या बुद्धविहाराच्या खोलीत सर आम्हाला फुकट शिकवायचे. दिवसभर म्युनिसिपालटीच्या शाळेत घसा फोडून झाल्यावर माणसाला घरी जावंसं वाटतं. यांना पळत आमच्याकडं यावंसं वाटायचं. पहिल्याच दिवशी त्यांनी प्रत्येकाच्या हातात एक कोरी वही दिली आणि म्हणाले, "रोज लिहायचं. धडा वाचला की त्याबद्दल लिहायचं, दिवसाबद्दल लिहायचं. निदान पाच ओळी. ताप आला तर तापाबद्दल लिहा."

"आणि सर, काहीच सुचलं नाही तर?" पांडूनं विचारलं. पांडू आमच्याच कारखान्यात फिटर होता.

"तर काहीच का सुचलं नाही ते लिही. ते तर सगळ्यात झकास!"

आमच्यात वयानं मोठ्या शेवंताबाई. मालवणकडच्या, खात्यात सगळ्यांत जुन्या. बाहेर पडल्या पडल्या त्यांनी निकाल दिला, "ह्यो मास्तर खुळो आसा गो!" पण वही तर भरायला हवी. आता रोज लिहायची म्हणून आम्हाला जगात एकच गोष्ट माहीत होती, पाळीचा रिपोर्ट. तो शेवंताबाईंना तोंडपाठ. त्यांनी कारखान्याच्या फाटकाशी उभं राहून सांगितला आणि आम्ही सगळ्यांनी उतरवून घेतला. दुसऱ्या दिवशी सरांच्या हातात अकरा वह्या पडल्या आणि अकराही वह्यांत अक्षरशः एकच मजकूर. "पाळी पहिली. धडे आले: एक. धडे वाचले: एक. फुटके: नाही. शेरा: ठीक." खाली सुपरवायझरच्या सहीसाठी जागा सोडलेली.

दुसरा मास्तर असता तर वह्या तोंडावर मारल्या असत्या. सरांनी अकरा ठिकाणी सही केली. वर हिरव्या शाईत विचारलं, "धडा फुटका नाही हे कशावरून? हलवून पाहिला का?" आमच्या खात्यात आत फुटकी काच वाजते का ते बाटली कानाशी धरून, हलवून बघायची पद्धत होती, ती त्यांना कुणी सांगितली देव जाणे. शेवंताबाईंना प्रश्न रास्त वाटला. त्यांनी रात्रीचं जेवण उरकून धडा परत वाचला आणि लिहून आणलं, "हलवला. आत काहीतरी वाजतं."

ते वाचून सर खुर्चीवरून उठले. खोलीला दोन फेऱ्या मारल्या. "आत काहीतरी वाजतं! बाई, अहो बाई, आता मी काय शिकवू तुम्हाला?" शेवंताबाई घाबरल्या. आपलं काहीतरी चुकलं आणि वर्ग बंद होतोय असं वाटून म्हणाल्या, "मास्तर, खोडून टाकतंय हां." सरांनी त्यांच्या हातातून पेन्सिल काढून घेतली.

सर मूळचे वेसाव्याच्या कोळीवाड्यातले. वहिनी, म्हणजे सरांची बायको, घाटकोपरच्या बाजारात मासळी विकायच्या. वहिनींची जुनी झालेली टोपली हीच सरांची दप्तराची पिशवी. तिच्यात अकरा वह्या घालून ते चालत निघायचे, आणि चालता चालता वाचायचे. एकदा एका उभ्या म्हशीला "माफ करा" म्हणून पुढं गेलेले मी स्वतः पाहिलेत. टोपलीला बोंबलाचा वास, म्हणून वह्यांना बोंबलाचा वास, म्हणून सरांच्या मागं चार-पाच मांजरं कायमची. त्यांना हाकलू देत नसत. "वर्गात मागच्या बाकावर कुणीतरी हवंच," म्हणायचे. माझी बहीण वही घरात ठेवू द्यायची नाही. मी ती पत्र्याच्या डब्यात घालून वर दगड ठेवायचे.

पण सरांची खरी कमाल दाराच्या प्रकरणात. पुस्तकात एक गोष्ट होती. धरणात गाव बुडणार असतं आणि एक माणूस घराचं दार काढून, डोक्यावर घेऊन, दोन गावं ओलांडून नव्या वस्तीला जातो. मी वहीत लिहिलं, "एकटा माणूस दार घेऊन इतका चालू शकत नाही. लेखकानं दार उचललेलं दिसत नाही. तपासणे." मला वाटलं, फार तर हिरव्या शाईत एखादा प्रश्न येईल. उत्तर आलं, "योग्य शंका. रविवारी तपासू."

रविवारी सकाळी पांडूला पान्हा आणि पेचकस घेऊन बोलावणं गेलं. सरांनी स्वतःच्या खोलीचं दार बिजागऱ्यांतून काढलं, डोक्यावर चुंबळ ठेवली, वर दार घेतलं आणि आग्रा रोडला लागले. मागं आम्ही अकरा जणं. आमच्या मागं मांजरं.

"काय सर, घर बदलताय का?" पानवाल्यानं विचारलं.

"नाही रे, धडा तपासतोय!"

थोडं पुढं हवालदारानं अडवलं. "दार कुणाचं?"

"माझंच."

"कशावरून?"

यावर सरांनी दाराखालून हात घालून खिशातलं पाठ्यपुस्तक काढलं आणि तो धडा उघडून हवालदाराच्या हातात दिला. हवालदारानं भर रस्त्यात उभं राहून अर्धं पान वाचलं, पुस्तक परत केलं आणि म्हणाला, "जाऊ द्या. पण आडवं धरू नका, सायकलवाल्यांना लागेल."

तिसऱ्या विजेच्या खांबाशी सरांनी दार खाली टेकवलं. घामानं निथळत होते, पण डोळे असे चमकत होते की काय सांगू. "कमल, बघ गं! दमलं की दारावर बसता येतं. हे लेखकानं लिहायला हवं होतं ना? तू लिही." मग रस्त्याच्या कडेला आम्ही सगळे त्या दारावर बसलो. पांडूनं भुईमुगाच्या शेंगा आणल्या. मला एकदम आमच्या गावच्या घराचं दार आठवलं. त्याला कडी नाही, आतून दगड लावायचा. माझी आई झोपायच्या आधी तो दगड दोनदा चाचपायची. पण हे वहीत लिहिलं नाही. परीक्षेत मला कोण विचारणार होतं आईचा दगड?

परतलो तर वहिनी उंबऱ्यावर कमरेवर हात ठेवून उभ्या. "मास्तर! माझी सुकट आत, माझी भांडी आत, आणि दार फिरायला गेलंय?"

"अगं, येताना विश्रांती घेतली म्हणून उशीर झाला."

"दारानं?"

आम्ही जे हसलो ते अजून आठवलं की पोटात दुखतं. वहिनी मात्र हसल्या नाहीत. पांडूनं दार बसवेपर्यंत त्या तिथंच उभ्या होत्या, आणि मग त्यांनी आम्हा सगळ्यांना चहा दिला.

दिवस मजेत जात होते आणि माझी भीती वाढत होती. परीक्षा दोन महिन्यांवर आली तरी सर प्रश्नोत्तरं लिहून देईनात. मी मनात म्हटलं, कमल, हा माणूस देवासारखा आहे, पण हा तुला त्या बिजवराच्या घरी पोचवणार. मी गुपचूप बाजारातून गाइड आणलं. त्यातली उत्तरं पाठ करायला लागले आणि वेळ वाचावा म्हणून तीच वहीत उतरवून द्यायला लागले. सुंदर भाषा होती हो! "सदर पाठातून लेखकाने मानवी जीवनाचे विदारक दर्शन घडविले आहे." मला वाटलं सर खूश होतील.

दुसऱ्या दिवशी हजेरी सुरू झाली. "कमल?"

"हजर, सर."

"नाही. गैरहजर."

"सर, मी ही काय इथंच बसलेय!"

"इथं आहेस. वहीत नाहीस. वहीत कुणी दुसरेच गृहस्थ आलेत. चांगले आहेत, त्यांना माझा नमस्कार सांग." आणि खरंच हजेरीत माझ्या नावापुढं गैरहजर मांडलं. असं चार दिवस चाललं. मी रोज येतेय, रोज गैरहजर. शेवंताबाई पदर तोंडात कोंबून हसायच्या. "गो बाय, उद्या तुझो फोटो घेवन ये."

पाचव्या दिवशी माझा बांध फुटला. विहाराच्या पायरीवर बसून मी एका दमात लिहिलं, "तुम्हाला खेळ सुचतोय. मी नापास झाले तर माझं त्या म्हाताऱ्याशी लग्न लावतील. तुमची वही तिथं माझ्या काय कामाची? तिथं मला आतून दगड लावून बसावं लागेल. माझी आई तो दगड दोनदा चाचपते. मला कडी असलेलं दार पाहिजे." पाच ओळी म्हणता म्हणता तीन पानं झाली. शुद्धलेखनाचा पत्ता नाही, दोन ठिकाणी कागद फाटलेला. वही सरांच्या टोपलीत टाकली आणि पळाले. उद्यापासून वर्गाला जायचं नाही असं ठरवलं.

सकाळी पावणेसातला कारखान्याच्या फाटकाशी सर उभे. हातात टोपली. रखवालदार त्यांना युनियनचा माणूस समजून पिटाळत होता, आणि सर त्याला मनापासून विचारत होते, "तुम्ही काही लिहिता का?" मला बघून त्यांनी वही पुढं केली. हिरव्या शाईत एकच ओळ होती. "आज हजर. असंच परीक्षेत ये."

"सर, असं लिहिलं तर मार्क देतील?" मी रडवेली झाले होते.

"ते मला नाही सांगता येणार, कमल. पण गाइडातले गृहस्थ त्या दिवशी पाच हजार ठिकाणी हजर असणार. तू एकाच ठिकाणी असशील." मग जरा थांबून म्हणाले, "आणि तुझं गणित कच्चं आहे. ते मला आधी सांगायचं नाही का? उद्यापासून अर्धा तास आधी ये." त्यानंतर परीक्षेपर्यंत ते रोज फाटकाशी यायचे. चहाच्या सुट्टीत मी लिहावं म्हणून वही सकाळीच द्यायची, असा हट्ट. शेवटी रखवालदारच वही घेऊन ठेवायला लागला, आणि मधूनमधून वाचायलाही.

परीक्षेत आवडलेल्या पाठाबद्दल लिहायला आलं. मी गाइड आठवायला लागले. गाइडातलं वाक्य "सदर" या शब्दाशीच अडकलं, पुढचं आठवेना. मग मी डोळे मिटले आणि सरांना सांगतेय असं समजून लिहीत सुटले. दार डोक्यावर घेतलेल्या माणसाची मान कशी दुखते, लोक काय विचारतात, गाव बुडालं तरी तो दारच का वाचवतो. घंटा झाली तेव्हा परीक्षेवरच्या बाईंनी हातातून पेपर ओढून घेतला.

मी पास झाले. गणितात काठावर, मराठीत वर्गात पहिली. शेवंताबाईही झाल्या, पांडूही झाला. मी त्याच दिवशी चुलत्याला पत्र लिहिलं, जन्मातलं माझ्या हातचं पहिलं. "मी कायम झाले आहे. स्थळाला कळवावे. त्यांनी प्रकृतीला जपावे." बहिणीनं वाचलं आणि हसून हसून चुलीपाशी बसकण मारली.

मग पेढे घेऊन धावत सरांकडं गेले. सरांनी मला बघूनच ओळखलं. "झकास! झकास!" करत त्यांनी खोलीभर उड्या मारल्या. वहिनींनी माझ्या गालावरून हात फिरवून कानशिलावर बोटं मोडली. मी पेढा दिला, तो सरांनी तोंडात टाकला आणि परत हात पुढं केला. मी दुसरा पेढा ठेवला. तो त्यांनी वहिनींना दिला, आणि हात तसाच पुढं.

"आजचं पान?"

"सर, आता परीक्षा झाली ना."

"हो की," सर म्हणाले. "झाली की गं." हात थोडा वेळ तसाच राहिला. मग त्यांनी तो शर्टाला पुसला आणि वहिनींना म्हणाले, "चहा टाक, पोरगी पास झालीय."

मी कायम झाले आणि माझी पाळी बदलली. वर्गाची वेळ जमेना. मग सर निवृत्त होऊन वेसाव्याला गेल्याचं कळलं. जाऊ, पुढच्या रविवारी जाऊ, असं म्हणता म्हणता किती रविवार गेले ते मला सांगवत नाही. माझ्या एकेका पानाला त्या माणसानं उत्तर दिलं, तापात लिहिलेल्याला, रागात लिहिलेल्याला. आणि मी त्यांना एक पान दिलं नाही, कारण माझं काम झालं होतं.

म्हणून आता मी परत लिहायला बसतेय. रोज पाच ओळी. वही भरली की वेसाव्याला जाईन, सरांना म्हणेन, हात पुढं करा. आणि या वेळी पेढा ठेवणार नाही.