तिजेचा आंबा

धानपट्ट्यातल्या गोरेगावजवळच्या त्या गावात तुलसाबाईच्या अंगणातला आंबा साऱ्यांच्या आधी पाडाला यायचा. तिजेला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, पितरांपुढे ठेवल्याशिवाय त्यांच्यात कुणी नवा आंबा तोंडात घालत नाही. २००८ साली तिनं लेकीच्या, ओमेश्वरीच्या, सासरी, इटियाडोह धरणाकडे, टोपलीभर पाठवले होते. ओमेश्वरीची सासू एरवी सुनेला "गोरेगाववाली" अशीच हाक मारायची. आंबे पुरले तेवढे आठ दिवस मात्र नावानं बोलावत होती. हे फोनवर सांगताना लेक हसली. तुलसाबाईला ते हसू ऐकवलं नाही.

२००९ साली तीज दहा दिवस आधी आली. झाडाला कुठलं पंचांग? त्यात दुलीचंदनं, तिच्या नवऱ्यानं, फळ लवकर फुगावं म्हणून बुडाशी दोनदा युरिया टाकला आणि तोडणीपर्यंत पाणी देत राहिला.

"देठापाशी खड्डा नाही पडला अजून, कोवळेच हायेत," ती म्हणाली.

"मंग तिजेले काय पाठवशील, पानं? एवढे मोठे आंबे कधी पाह्यले होते काय?"

"मोठे हायेत, पण पाण्यात टाकले त तरंगून राहिले. तयार आंबा बुडते."

"आंबा हाय तो, गोटा नोहोय."

तोडले. तणसात, भाताच्या पेंढ्यात, घातले. सहाव्या दिवशी रंग आला, वासही आला. तुलसाबाईनं एक कापला: कोयीभोवती काळा, पाणचट. दुसरा बरा निघाला, जरा आंबट. तिसरा पुन्हा काळा. वरून तिन्ही सारखेच पिवळे होते.

"सगळेच कापशील त पाठवशील काय?" दुलीचंद म्हणाला.

खरंच होतं ते. तिनं विळा बाजूला ठेवला आणि लेकीला फोन लावला.

"यंदा नको पाठवू काय, बेटा?"

"पाठव ना आई. सासूबाई रोज विचारून राहिल्या."

"आतून खराब असन त?"

पलीकडे भांडी वाजली. मग ओमेश्वरी हळूच म्हणाली, "मी कापतो ना. चांगले तेवढे समोर ठेवतो."

पण पितरांपुढे आंबा अख्खा ठेवतात, वरचा उचलून. आणि तो नंतर सासूच कापते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

दुलीचंद एसटीला निघेपर्यंत तुलसाबाईनं टोपलीतला सगळ्यात वरचा आंबा चारदा बदलला.