वनिताबाईच्या खुर्चीवर मी बसले तेव्हा

वनिताबाई गेली, आणि आज तिच्या मयतीत मी रडण्याआधी गर्दी पाहिली.

खरं तेच लिहिते. ती असताना कधी लिहिलं नाही.

आमच्या गावाची नगरपंचायत झाली, त्या पहिल्याच निवडणुकीत आम्ही दोघी एका पॅनलमधून निवडून आलो. मी एम.ए., सरपंचाची मुलगी. ती तलावातल्या मासोळ्या बाजारात विकणारी, सातवी पास.

नगराध्यक्षपद महिलेसाठी निघालं. मी नवी साडी घेतली. भाषणही लिहून ठेवलं.

गटनेत्यानं घरी बोलावलं. म्हणाला, "सुनंदाबाई, तुमी हुशार आहा. पण लोक वनिताबाईच्या मांगं येतात."

मी हसले. चहासुद्धा पूर्ण प्यायले.

वर नगराध्यक्ष म्हणून तिचं पहिलं भाषण मलाच लिहायला सांगितलं. मी लिहून दिलं, अवघड शब्द मुद्दाम घातले. हो, मुद्दाम.

तिनं माइकसमोर कागद उघडला, पाहिला, घडी घालून पदरात ठेवला.

"सुनंदाबाईनं लय चांगलं लिहून देल्लं," ती म्हणाली, "पण मले वाचता नाई येऊन राह्यलं. म्हणून माह्यं मीच बोलतो."

लोक हसले. मग पाच मिनिटं एकही माणूस जागचा हलला नाही.

तेव्हापासून माझ्या पोटात जे जळत होतं, ते काही विझलं नाही.

ती केबिनमध्ये बसायचीच नाही. ऑफिसच्या व्हरांड्यात बाकावर बसायची. मुख्याधिकारी साहेबांना फाईल घेऊन बाहेर यावं लागायचं. सही करायच्या आधी विचारायची, "साहेब, याच्यात कोनाचं नुकसान आहे काय, ते पहिले सांगा."

मला सगळे मॅडम म्हणायचे. कामं मात्र तिलाच सांगायचे.

मग तलावाचा विषय आला.

गावतलावाचा एक काठ बुजवून दुकानांचे गाळे काढायचे, असं काही नगरसेवकांनी ठरवलं. वनितानं तो विषय सभेतच घेतला नाही.

"त्या पान्यावर चाळीस घरं मासोळी धरतात," ती म्हणाली. "खालच्या धानाले पानी तिथूनच जाते. गाळे दुसरीकडे काढा, मी नाई म्हनत नाई."

नगरसेवक चिडले. अविश्वास ठराव आला.

मला माहीत होतं ती बरोबर आहे. तरी मी सही केली. कारण ती गेली तर पुढचं नाव माझं होतं.

सभेत हात वर करून मतदान झालं. ती माझ्या शेजारीच बसली होती. मी हात वर केला, तो अर्धवट.

ती हळूच म्हणाली, "नीट वर कर. साहेब मोजून राह्यले."

एवढंच. मी हात पूर्ण वर केला.

मी नगराध्यक्ष झाले. गुलाल, हार, फोटो, सगळं झालं. केबिनला नवीन पडदे लावले.

वनिता आठवडी बाजारात आपल्या जागेवर परत बसली.

एका बाजाराच्या दिवशी मी तिथून जात होते. एक म्हातारा घरकुलाचा कागद घेऊन तिच्यासमोर उभा होता. तिनं मला पाहिलं.

"हे पाहा, मॅडम आल्या. त्यायलेच दाखवा ना बापा."

म्हातारा माझ्याकडे वळला, थोडा थांबला, आणि परत तिलाच म्हणाला, "तू पाह्य ना पहिले."

मी नगराध्यक्ष होते. मासोळी साफ करणाऱ्या बाईचा मला इतका हेवा वाटला की घरी जाऊन जेवले नाही.

तलावाची फाईल माझ्या टेबलावर आली. गटनेता समोर बसला.

मी सही केली नाही.

चांगुलपणा नव्हता हो तो. "वनिता असती तर असं झालं नसतं" हे मला जन्मभर ऐकायचं नव्हतं. गटनेता माझ्याशी बोलायचा बंद झाला. पुढच्या वेळी तिकीट मिळालं नाही.

आणि गाव काय म्हणतं?

"वनिताबाईनं तलाव वाचवला."

मी कोणाला दुरुस्त केलं नाही. अर्धं श्रेय तरी माझं आहे, हे आज पहिल्यांदा लिहिते. लिहिताना लाज वाटते, तरी लिहिते.

मागच्या महिन्यात ती नागपूरला ॲडमिट होती. भेटायला गेले. हात अगदी काडीसारखे झाले होते. मी सफरचंदं ठेवली. अविश्वासाचं बोलायचं ठरवून गेले होते.

"वनिता, त्या दिवशी मी..."

"राहू दे," ती म्हणाली. "मी तुह्या जागी असती त मी पन खुर्ची पाह्यली असती. तलावाची फाईल दाबली असती का, ते मले सांगता नाई येत."

म्हणजे तिला माहीत होतं. गटनेता सोडला तर गावात तिला एकटीला.

मी बाहेर कॉरिडॉरमध्ये येऊन रडले. तेव्हाही वाटलं, हिचं मन एवढं मोठं कसं, माझं काऊन नाही.

आज नदीवर अग्नी दिल्यावर माणसं परत निघाली. एक बाई माझ्याजवळ आली. पदरानं डोळे पुसत म्हणाली, "मॅडम, आमच्या गल्लीतली बोअर दोन महिन्यांपासून बंद आहे. वनिताबाईले सांगतलं होतं. आता तुमालेच सांगावं लागते."

आता तुमालेच.

तेही लागलं मला. पण मी गल्लीचं नाव लिहून घेतलं. उद्या सकाळी ऑफिसात जाते.

वनिता, तुझ्यावर मी बारा वर्षं जळले आणि तुझ्याइतकं कोणाकडून शिकले नाही.

जा बाई, नीट जा. तुझ्या सुनंदाचा शेवटचा नमस्कार.