काच फुटली माझ्या गाडीची, फोन गेला दिराला

पाणी भरलं, कपडे वाळत घातले आणि फडकं घेऊन गाडी पुसायला गेले, तर नारळाची झावळी पडून मागच्या दाराची काच फुटलेली. ही कालची सकाळ. हे गेल्यापासून आमची जुनी एसयूव्ही मीच पुसते, मीच चालवते.

तशीच गॅरेजवर नेली. गॅरेजवाला ओळखीचा. त्यानं काच बघितली, आणि माझ्याशी एक शब्द न बोलता माझ्या दिरांना फोन लावला!

"अण्णा, वैनी आल्यात. जुनं मॉडेल हाय, काच हुडकायला लागंल. काय करू?"

मी म्हटलं, "अहो, गाडी माझी आहे."

"व्हय की वैनी, पण घरात कुणाला तरी इचारायला पायजे न्हवं?" असं म्हणत त्यानं फोन माझ्या हातात दिला.

दीर म्हणाले, "कशाला त्या डबड्याला काच घालताय? मी गिऱ्हाईक बघतो. कुठं जायचं असलं तर सांगा की, सोडतो."

भावोजी वाईट नाहीत. पण प्रत्येक वेळी सांगून जायचं म्हटलं की हळूहळू जाणंच बंद होतं. स्वतःच्या आजारपणात आमच्या ह्यांनी शेजारी बसून मला ही गाडी शिकवली, ती दारात उभी करून ठेवायला नव्हे.

मैत्रिणींनो, तुम्ही समोर उभ्या असताना तुमच्याबद्दल असं दुसऱ्याला विचारतात का? तेव्हा तुम्ही काय करता?

मी आज सकाळी खिडकीला प्लास्टिक चिकटवलं, जुन्या गाड्यांचे सुटे भाग मिळतात तिथं कागलला गेले आणि काच बसवून घेतली.