हातून झालं

काजवाल्या मावशीच्या हाताला अशी सफाई, की चार शिंप्यांचे सदरे तिच्यावाचून अडायचे. बटणाच्या काजासाठी कापड कापायचं आणि कापल्या कापल्या कड दोऱ्यानं बांधून टाकायची. तिथं कुचराई केली की काज सुटत जातं. तिची स्वतःची कड मात्र नऊ वर्षं सुटतच होती. एकुलत्या एका मुलाला त्याच्या जिवलग दोस्तानं गाडी लावण्याच्या भांडणात सुरी खुपसली. दोस्त तुरुंगात गेला. आता तिथून निरोप आला होता: त्याला तुमच्याशी बोलायचंय.

धाकटी जाऊ फणकारली, "जा जाऊबाई, जा. सापाला ताटात वाढून हौस फिटली नाही अजून!"

"कोर्टात वकीलच बोलला. मला त्याच्या तोंडून ऐकायचंय," मावशी म्हणाली, "की त्यानं मारला."

तुरुंगाच्या फाटकावर शिपायानं पिशवीतली कात्री काढून ठेवली. "मावशी, बोलायला आलात की कापायला?"

आत टेबल, तीन खुर्च्या, मध्ये समुपदेशक बाई. समोर तो. कपाळावरचे केस पार गेलेले.

"काकू, चूक झाली."

"काज दोन दोरे तिरकं गेलं, तर त्याला चूक म्हणतात."

"माझ्या हातून झालं, काकू. सुरी लागली."

"ठेच लागते रे मेल्या! आणि हातून म्हणजे? हात काय शेजाऱ्याकडून उसना आणला होतास?"

"मावशी, जरा सबुरीनं घ्या," बाई म्हणाल्या.

"नऊ वर्षं तीच तर गिळतेय."

तो टेबलाच्या कडेचा पापुद्रा नखानं सोलत राहिला. मग मान खाली घालूनच पुटपुटला, "मी मारला. मीच मारला त्याला."

बाईंचा जीव भांड्यात पडला. "आता मोकळं वाटतंय ना, मावशी?"

"कुणी विचारलं तर मी 'गेला' म्हणायचे," मावशी म्हणाली. "गेलेला माणूस कधीतरी येतो, बाई. संध्याकाळी जिना वाजला की माझी सुई थांबायची. वेडेपणाच. पण थांबायची." ती उठली. "मारलेला कुठला येतोय?"

फाटकावर शिपायानं कात्री परत दिली. "झालं का काम, मावशी?"

"झालं," ती म्हणाली, आणि जीभ चावली. "झालं कसलं रे! केलं. मीच केलं, माझ्या हातानं."