शिवराजअण्णांची पिवळी रेघ

गाडीची तक्रार शिवराजअण्णा चालवणाऱ्याला कधी विचारत नसत. शेजारी किंवा मागे बसून आलेल्या माणसाकडे वळत आणि म्हणत, "तुमी सांगा. चालवनारा गाडीची बाजू घेतो, न्हाई तर सोताची." बिदर जिल्ह्यातल्या कमलनगरला बसस्टँडच्या पुढे त्यांचं पत्र्याचं गॅरेज होतं. मी आमची गाडी तिथे पहिल्यांदा नेली, तेव्हा त्यांनी माझ्याकडे पाहिलंही नाही. माझ्या बायकोला, नीलाला, बसायला स्टूल दिलं आणि विचारलं, "अक्का, काय व्हायलंय?"

गाडी तशी जगावेगळीच होती. नीलाचा डावा पाय लहानपणीच पोलिओनं गेलेला. मोटारसायकलवर मागे बसली की तिचा तोल जाई, म्हणून शेतावर येणं तिनं सोडलं होतं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. पाइपचा सांगाडा, चाकं, स्टिअरिंग असा सुट्या भागांचा संच मागवला, त्यात माझ्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन बसवलं आणि दोन माणसांची छोटी चारचाकी उभी केली. पायाचा गिअर एका लांब दांडीनं हाताच्या दांड्याला जोडला. शेतरस्त्यापुरती गाडी झाली; पण दुसऱ्यातून तिसरा टाकला की गिअर मध्येच सुटायचा. इंजिन नुसतं ओरडायचं आणि गाडी मरगळायची; नीलाला घेऊन निघालो की शेताच्या चढावरूनच परत फिरावं लागे. हे सगळं अण्णांना नीलानं सांगितलं. शेवटी म्हणाली, "चढाला जास्त होतंय. हे म्हणतात, माझ्या वजनानं."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी गाडी सुरू करून अॅक्सिलरेटर दाबला आणि मला खाली वाकायला लावलं. "बघा सर. जोर लागला की इंजिन रबरावर मागं-पुढं हलायलंय. तुमचा दांडा मात्र सांगाड्याला गच्च. दोघांतलं अंतर सारखं बदलायलंय, मग गिअर अर्धाच पडतो." इतक्या महिन्यांत मला हे दिसलं नव्हतं. त्यांनी दांड्याची बैठक सांगाड्यावरून काढली आणि इंजिनच्याच पट्टीवर बसवली, म्हणजे दोन्ही बरोबर हलतील. लांब वाकडी दांडी बदलून आखूड, सरळ घातली. तीन दिवस गेले. शेवटी नट आवळून त्यावर आणि दांडीवर मिळून ब्रशनं एक बारीक पिवळी रेघ ओढली. "ही रेघ तुटली म्हंजे नट फिरला. मग गाडी चालवू नका," ते नीलाला म्हणाले. मला नाही.

गाडी सुरेख चालू लागली. नीला चार वर्षांनी शेतावर आली, विहिरीच्या कडेला उन्हं उतरेपर्यंत बसून राहिली.

दांडा मला थोडा लांब पडायचा. एका रविवारी मी पाना घेतला, नट सैल केला, दांडी दोन आटे आत घेतली आणि नट परत आवळला. म्हणजे आवळला असं मला वाटलं. चौथ्या दिवशी नाल्याच्या उतारावर खालचा गिअर टाकायला गेलो, तर दांडा हातात लुळा पडला. दांडी निसटली होती. मी खाली बघत राहिलो, ब्रेकवर पाय उशिरा गेला. गाडी चारीत घुसली. नीलाचं मनगट मोडलं.

अण्णांना कुणीतरी कळवलं. दुसऱ्या दिवशी जीप धरून ते आमच्या गावी आले. अंगणात आणून लावलेल्या गाडीखाली वाकले, नट बघितला. पिवळी रेघ दोन जागी झाली होती, नटाच्या कडांवर पान्याचे ताजे ओरखडे होते. ते बराच वेळ तसेच वाकून होते. मग हात पुसत ओसरीवर आले आणि प्लास्टर घातलेल्या नीलासमोर उभे राहिले. "अक्का, चूक माझ्या हातची. मला माफ करा." नीला म्हणाली, "असू द्या अण्णा, मुद्दाम केलं का तुम्ही?" मी तिथेच होतो. एक शब्द बोललो नाही.

पंधरा दिवस गाडी अंगणात तशीच पडून होती. शेवटी गॅरेजवर गेलो आणि सांगून टाकलं. ते कार्ब्युरेटर पुसत होते. "मला म्हाईत हाय," म्हणाले. मी विचारलं, "मग तुम्ही का अंगावर घेतलं?"

"त्या दिवशी अक्कांचा हात ठनकत हुता. तवा नवऱ्याचं हे ऐकून अजून काय मिळालं असतं त्यास्नी?" मग मान वर केली. "अक्कांना सांगितलाव का?"

"नाही."

"मग इथं कामून आलाव?"

त्याच दुपारी मी घरी जाऊन नीलाला सांगितलं. दोन दिवस ती माझ्याशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी म्हणाली, "अण्णांना जेवायला बोलवा." मी निरोप धाडला. "दसरा होऊ द्या, येतो," असं उत्तर आलं. दसऱ्याच्या आधीच, भर सकाळी, गॅरेजचं कुलूप काढताना त्यांच्या छातीत कळ आली. बिदरला नेईपर्यंत सगळं संपलं होतं.

लिंगायत रीतीनं त्यांना मातीत बसवून लोक परतले, तेव्हा आम्ही दोघं त्यांच्या अंगणात होतो. गावातले चार-पाच मेकॅनिक भिंतीला टेकून बसले होते. अण्णांच्या पत्नी नागम्माअक्का यांनी नीलाचा तोच हात हातात घेतला. "ह्या हाताचं त्यांना लई लागलं हुतं," त्या म्हणाल्या. "जेवताना म्हनायचे, माझ्याच कामात खोट राहिली."

म्हणजे घरीसुद्धा त्यांनी खरं सांगितलं नव्हतं.

नीलानं माझ्याकडे पाहिलं नाही. मी उठून उभा राहिलो. "नागम्माअक्का, त्यांच्या कामात खोट नव्हती. नट मी फिरवला होता. अण्णांना ठाऊक होतं."

मेकॅनिकांपैकी एकानं मान खाली घातली. नागम्माअक्कांनी पदर तोंडाला लावला. मग त्या शेजारी बसलेल्या म्हाताऱ्या नणंदेकडे वळल्या. तिला मराठी येत नव्हती. तिच्या कानाशी तोंड नेऊन त्यांनी सावकाश, कन्नडमध्ये, ते सांगितलं: त्यांच्या कामात खोट नव्हती.